तेरा दिवसांनी हुकलेली सूट

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. मी निफाड तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत उपशिक्षिका आहे. राहायला पंचवटीत, रोज एसटीने अपडाऊन. १९९६ च्या डिसेंबरात रीतसर निवड होऊन नोकरी लागली. सुरुवातीची वर्षं सुरगाण्यात काढली, मग दिंडोरी, आता निफाड. सध्या चौथीचा वर्ग माझ्याकडे आहे. माझी जन्मतारीख १४ सप्टेंबर १९७२.

टीईटीबद्दलचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेबद्दलचा, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आल्यापासून झोप उडाली आहे. शाळेत, एसटीत, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर दुसरा विषय नाही. माझ्याबरोबर डी.एड. केलेली मैत्रीण सिन्नर तालुक्यात आहे. तिची जन्मतारीख १ सप्टेंबर १९७२. तिला सूट आहे आणि मला नाही म्हणे. तेरा दिवसांच्या फरकाने एकीला माफी आणि एकीला परीक्षा, हा कुठला न्याय? आम्ही लागलो तेव्हा टीईटी नावाची परीक्षाच नव्हती. २०१० च्या अधिसूचनेत जुन्या शिक्षकांना वगळलं होतं, असं संघटनेचे लोक कागद दाखवून सांगतात. तीस वर्षं शिकवल्यावर मी पात्र की अपात्र हे आता उत्तरपत्रिकेतले गोळे रंगवून ठरणार का?

नापास झाले तर पेन्शनही जाईल असा मेसेज फिरतोय, त्याने घरातले सगळे घाबरले आहेत. मालेगावला उर्दू शाळेत शिकवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना मात्र ही परीक्षा लागू नाही म्हणतात, ते का? एकाने ‘काम करून देणाऱ्या’ माणसाचा नंबरही दिलाय. मी अजून फोन केलेला नाही, पण खरं सांगते, नंबर पुसलेलाही नाही. शेवटचं म्हणजे माझी मुलगी बी.एस्सी. बी.एड. आहे, इथल्या एका खासगी शाळेत शिकवते. तिला जिल्हा परिषदेत यायचं असेल तर काय करावं?

– एक शिक्षिका, नाशिक

*

बाई, नमस्कार.

माझी निम्मी नोकरी पंचायत समितीच्या शिक्षण विभागात गेली, त्यामुळे तुमचं पत्र वाचताना माझं लक्ष आधी तारखांवर गेलं. तिथूनच सुरुवात करते, कारण तुमच्या बाबतीत सगळं तारखेवर अडलंय.

निकाल १ सप्टेंबर २०२५ चा. न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने तो दिला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांचे त्यात दोन गट केले आहेत. निकालाच्या दिवशी ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा कमी उरली होती, त्यांना टीईटी न देता निवृत्तीपर्यंत नोकरीत राहता येईल. ज्यांची त्याहून जास्त उरली होती, त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं. म्हणजे मुदत ऑगस्ट २०२७ च्या अखेरीस संपते.

आता तुमचा हिशेब. आपल्याकडे जिल्हा परिषदेचा शिक्षक ५८ वर्षं ज्या महिन्यात पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. तुमची ५८ वर्षं सप्टेंबर २०३० मध्ये पूर्ण होतात, म्हणून निवृत्ती ३० सप्टेंबर २०३० ला. मैत्रिणीची जन्मतारीख महिन्याची पहिली. तशी तारीख असली की निवृत्ती आधीच्या महिन्याच्या अखेरीस धरतात, म्हणून ती ३१ ऑगस्ट २०३० ला घरी बसेल. १ सप्टेंबर २०२५ पासून मोजलं तर तिची सेवा पाच वर्षांना एक दिवस कमी भरते आणि तुमची पाच वर्षांच्या वर जवळजवळ महिनाभर जाते. मैत्रीण बरोबर सांगते आहे. तिला सूट आहे, तुम्हाला नाही. हे वाचून वाईट वाटेल, पण ‘आपलंही बसतंय बहुतेक’ या आशेवर सहा महिने घालवण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

तरीही एक काम आधी करा. पंचायत समितीत जाऊन सेवापुस्तकाचं पहिलं पान स्वतःच्या डोळ्यांनी बघा. जन्मतारीख अंकात आणि अक्षरात सारखी आहे का, शाळा सोडल्याच्या दाखल्याशी जुळते का, नोंदीवर सही-शिक्का आहे का. सेवापुस्तकं सुरगाण्याहून दिंडोरीला, दिंडोरीहून निफाडला अशी फिरतात आणि फिरताना नोंदी राहून जातात. तारखेवर नोकरी तोलली जाण्याच्या काळात ते पान तोंडी भरवशावर सोडू नका. प्रमाणित प्रत घेऊन घरी ठेवा. मात्र एक सांगून ठेवते: या वयात जन्मतारीख बदलून घेण्याच्या भानगडीत पडू नका. नोकरीच्या अखेरीस असे अर्ज टिकत नाहीत आणि विनाकारण संशय मागे लागतो.

मैत्रिणीला मिळालेल्या सवलतीबद्दल आणखी एक गोष्ट. ती सूट नोकरीत राहण्यापुरतीच आहे. पदोन्नती हवी असेल तर पाच वर्षांच्या आतल्या शिक्षकालाही टीईटी लागेल, असं त्याच निकालात स्पष्ट आहे. मुख्याध्यापक किंवा केंद्रप्रमुखपदाच्या यादीत तिचं नाव वर असेल तर तिलाही हा निर्णय घ्यावाच लागेल. दोघी मिळून अभ्यासाला बसलात तर उत्तमच.

२०१० च्या अधिसूचनेबद्दल तुमच्या संघटनेचे लोक खोटं बोलत नाहीत. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० ला किमान अर्हता ठरवल्या तेव्हा टीईटी पहिल्यांदा आली. ३ सप्टेंबर २००१ पूर्वी त्या वेळच्या सेवाप्रवेश नियमांनुसार लागलेल्या शिक्षकांनी ही नवी अर्हता मिळवण्याची गरज नाही, असं त्याच अधिसूचनेत लिहिलं होतं. तुम्ही १९९६ च्या, म्हणजे त्या ओळीत नेमक्या बसणाऱ्या. महाराष्ट्राने शासन निर्णय काढून टीईटी सक्तीची केली ती २०१३ मध्ये, आणि पहिली परीक्षा झाली त्याच वर्षी डिसेंबरात. एवढी वर्षं तुम्हाला कोणी काही विचारलं नाही, ते याच आधारावर.

न्यायालयाने मात्र शिक्षण हक्क कायद्याचं कलम २३ धरलं. टीईटी ही नुसती भरतीच्या वेळची चाळणी नाही, ती किमान अर्हतेचाच भाग आहे, आणि सहा ते चौदा वयाच्या मुलाला पात्र शिक्षक मिळणं हा त्याच्या हक्काचा भाग आहे, अशी मांडणी केली. जुन्या शिक्षकांचे हाल होतील हेही न्यायालयाला दिसत होतं. म्हणूनच संविधानाच्या अनुच्छेद १४२ खालचा खास अधिकार वापरून निवृत्तीच्या जवळ आलेल्यांना वगळलं आणि बाकीच्यांना दोन वर्षं दिली.

माझं मत विचाराल तर मुलाचा हक्क आधी, हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण सुरगाण्याच्या पाड्यावर कोकणा बोलणाऱ्या मुलांना मराठी वाचायला शिकवलेल्या बाईची पात्रता मोजायला दीडशे पर्यायी प्रश्न पुरेसे आहेत, हे मला पटत नाही. ज्या सरकारने तीस वर्षं तुम्हाला प्रशिक्षणांना पाठवलं, गोपनीय अहवाल लिहिले, वेतनश्रेणी दिली, त्याने तुमची परीक्षा रोज घेतलेलीच आहे. तुमचा राग रास्त आहे. ५ डिसेंबर २०२५ ला राज्यभर शाळा बंद ठेवून शिक्षक रस्त्यावर आले, त्यामागेही हाच राग होता. संघटनेने लढावं, तुम्ही वर्गणी द्या, मोर्चाला जा. फक्त लढा चालू आहे म्हणून अभ्यास थांबवू नका. पुनर्विचार होईल, कायद्यात दुरुस्ती होईल, मुदत वाढेल असं रोज कोणी ना कोणी सांगेल. तसं झालं तर अभ्यास वाया गेला असं होणार नाही. झालं नाही तर मात्र गेलेले महिने कोणी परत देणार नाही.

आता पेन्शन. या भीतीनेच तुमच्या घरातली झोप उडाली आहे, म्हणून सावकाश सांगते.

मुदतीत उत्तीर्ण न झालेल्या शिक्षकाला नोकरी सोडावी लागेल किंवा सक्तीने निवृत्त केलं जाईल, हे निकालात आहे. पण त्याच्याच पुढे असंही आहे की अशा शिक्षकाला त्याचे सेवानिवृत्तीचे लाभ द्यायचे. अट एकच, त्या लाभांसाठी नियमाने लागणारी सेवा पूर्ण झालेली हवी. एखाद्याची सेवा थोडी कमी पडत असेल तर त्याने निवेदन द्यावं आणि विभागाने त्याचा विचार करावा, इथपर्यंत न्यायालय गेलं आहे. निवृत्तिवेतनाला किमान १० वर्षांची अर्हताकारी सेवा लागते. तुमची नेमणूक डिसेंबर १९९६ ची, त्यामुळे ऑगस्ट २०२७ पर्यंत तुमची ३० वर्षांवर सेवा होते. शिवाय तुम्ही १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्या, म्हणजे जुन्या पेन्शन योजनेतल्या. तुमचं निवृत्तिवेतन, उपदान (ग्रॅच्युइटी), भविष्य निर्वाह निधी यातलं काहीही परीक्षेच्या निकालावर टांगलेलं नाही. सगळ्यात वाईट घडलं तर सप्टेंबर २०२७ ते सप्टेंबर २०३० एवढ्या काळाचा पगार जाईल आणि त्या काळात वाढली असती ती वेतनवाढ पेन्शनच्या हिशेबात धरली जाणार नाही. नुकसान लहान नाही, मुलीचं लग्न, घराचे हप्ते यांच्या दृष्टीने तर नाहीच. पण घर रस्त्यावर येईल असं काही यात नाही. आज रात्री जेवताना घरच्यांना हा एवढा परिच्छेद वाचून दाखवा.

२००५ नंतर लागलेल्या तुमच्या तरुण सहकाऱ्यांचं गणित वेगळं आहे, ते बहुतेक जण राष्ट्रीय पेन्शन योजनेत आहेत. तो मेसेज बहुधा सगळ्यांना एकाच मापाने मोजणाऱ्याने लिहिला असावा.

मग परीक्षा. तुम्ही पहिली ते पाचवीला शिकवता, म्हणून तुमच्यासाठी पेपर एक. पेपर दोन सहावी ते आठवीचा. दोन्ही एकाच दिवशी सकाळ-दुपार असतात आणि काही जण दोन्हींचे अर्ज भरतात. पदवीधर शिक्षकपदाची इच्छा नसेल तर तुम्ही ते करू नका. सकाळी अडीच तास डोकं घालून झाल्यावर दुपारी पुन्हा बसणं या वयात सोपं नाही आणि तुमची गरज एकाच पेपरची आहे.

पेपर एकमध्ये १५० प्रश्न, १५० गुण, १५० मिनिटं. पाच विभाग, प्रत्येकी ३०: बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, मराठी, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के, म्हणजे ९० गुण. मागास प्रवर्गात असाल तर ५५ टक्के, म्हणजे ८३. विभागवार उत्तीर्ण होण्याची अट नाही, एकूण गुण बघतात. शेवटचं हे वाक्य तुमच्या फार कामाचं आहे.

निकालाची टक्केवारी बहुतेक वर्षी एक आकडी लागते, तेव्हा परीक्षा सोपी आहे असं मी म्हणणार नाही. पण पूर्ण १५० चं ओझं घेऊन बसू नका. मराठीत २४, परिसर अभ्यासात २२, बालमानसशास्त्रात २०, गणितात १५, इंग्रजीत १२. बेरीज ९३ होते. गणितात निम्मे आणि इंग्रजीत निम्म्याहून कमी मिळवूनही तुम्ही पलीकडे जाता. चौथीचं परिसर अभ्यास आणि ‘शिवछत्रपती’ तुम्ही वर्षानुवर्षं शिकवलंय. तिथे तुम्हाला नवं शिकायचं नाही, फक्त तिसरी ते आठवीची पाठ्यपुस्तकं एकदा ओळीने वाचून काढायची आहेत. मराठीत उतारे आणि व्याकरण. समास, प्रयोग, वृत्तं डी.एड.नंतर हातून सुटली असतील, ती परत धरा.

बालमानसशास्त्राला बहुतेक अनुभवी शिक्षक घाबरतात, कारण त्यात पियाजे, वायगॉट्स्की, कोहलबर्ग अशी नावं येतात. तुमची भीती कमी करायला एक उदाहरण देते. तुमच्या वर्गात पसरट वाटीतलं पाणी उंच पेल्यात ओतलं की एखादं लहान पोर म्हणतं, ‘बाई, पाणी वाढलं.’ थोड्या मोठ्या पोराला विचारलं तर ते म्हणतं, ‘तेवढंच आहे की, नुसतं ओतलंय.’ हा फरक तुम्ही शेकडो वेळा पाहिला असेल. पियाजेने तोच टिपला. पहिलं पोर पूर्वक्रियात्मक अवस्थेत आहे, दुसऱ्याला राशी तीच राहते हे उमगलंय, ते मूर्त क्रियात्मक अवस्थेत आलंय. प्रश्न येतो तो असा: ‘सात-आठ वर्षांच्या मुलाला आकार बदलला तरी पाणी तेवढंच आहे हे कळते, तो कोणत्या अवस्थेत आहे?’ कॉलेज रोडच्या क्लासमधल्या बावीस वर्षांच्या मुलीला हे पाठ करावं लागतं. तुम्ही वहीच्या एका बाजूला संज्ञा लिहा आणि समोर तुमच्या वर्गातल्या पोराचं नाव लिहा. वायगॉट्स्कीचं निकट विकासाचं क्षेत्र म्हणजे थोडा हात दिला की जमणारं पोर. बंडुराचं अनुकरणातून शिकणं तर पहिलीच्या वर्गात रोज दिसतं. महिनाभरात हा विभाग तुमच्या हातात येईल.

गणितात अडचण ज्ञानाची नाही, वेगाची आहे. लसावि-मसावि, शेकडेवारी, नफा-तोटा, काळ-काम-वेग हेच फिरून फिरून येतं, पण एका प्रश्नाला एकच मिनिट. फळ्यावर पोरांना समजेपर्यंत तीन पायऱ्यांत सोडवण्याची तुम्हाला सवय, इथे मनातच उरकायचं असतं. रोज दहा गणितं घड्याळ लावून करा. उत्तरपत्रिकेत काळ्या पेनने गोळे भरायचे असतात, त्याचाही सराव घरी करा. उत्तर येत असूनही गोळा एक ओळ खाली भरला गेला आणि पुढचे सगळे घसरले, असं घडलेले चांगले शिक्षक मला माहीत आहेत. राज्य परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर मागच्या प्रश्नपत्रिका उत्तरसूचीसह मिळतात. आधी एक जुनी प्रश्नपत्रिका तयारी न करता सोडवून पाहा, म्हणजे कुठे उभ्या आहात ते कळेल. क्लासची फी त्यानंतर ठरवा. बहुधा लागणार नाही.

केंद्र सरकारची पात्रता परीक्षा, सीटीईटी, हीही चालते, तिचीही संधी सोडू नका. फक्त तिथे गणित, परिसर अभ्यास आणि बालविकासाचे प्रश्न हिंदी-इंग्रजीत असतात, मराठी फक्त भाषेच्या विभागापुरती निवडता येते. हिंदी वाचताना अडखळत नसाल तर अर्ज भरा, निदान परीक्षागृहाची सवय होईल.

आता वेळापत्रक, आणि इथे आपल्या नाशिकची एक अडचण आहे जी बाकी जिल्ह्यांना नाही. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आणि दुसरं ३१ ऑगस्ट २०२७ ला, म्हणजे तुमची मुदत संपते त्याच सुमारास. २०२७ चा पावसाळा या जिल्ह्यातल्या सरकारी माणसाचा स्वतःचा नसेल. रस्ते बंद असतील, बसमार्ग बदललेले असतील, कोणाच्या वाट्याला कुठली ड्यूटी येईल सांगता येत नाही, आणि तुम्ही तर पंचवटीतच राहता. शेवटच्या संधीवर काही ठेवू नका. पुढची जी जाहिरात निघेल ती तुमचीच असं समजा. आणि पहिल्या खेपेला नाही झालं तर पुढच्यासाठी वेळ उरला पाहिजे.

शिक्षकाला अभ्यासाला वेळ कुठला, हेही मला माहीत आहे. यू-डायस या सरकारी शाळा-नोंदणीची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, मतदारयाद्या, निवडणुकीचं प्रशिक्षण, त्यात द्राक्षबागांची कामं सुरू झाली की पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांची मुलं मध्येच वर्गात दाखल होतात, त्यांना पहिल्यापासून धरावं लागतं. म्हणून मुख्याध्यापकांशी आणि विस्तार अधिकाऱ्यांशी आधीच बोला. परीक्षेला बसणार असल्याचं लेखी कळवा, परीक्षेच्या आधीच्या आठवड्यासाठी रजा मागा आणि अर्जाची पोच घ्या. तुमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, या अडचणीतले अजून चार-पाच जण नक्की निघतील. केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीला, म्हणजे शिक्षण परिषदेला, सगळे भेटता, त्यानंतर तासभर थांबून एकेक विभाग एकेकाने घ्यावा. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे मार्गदर्शन वर्गाची मागणी गटाने केली तर ती लवकर ऐकली जाते. एसटीतला वेळ बालमानसशास्त्राला द्या. रविवारी घरात बसून अभ्यास होत नसेल तर सार्वजनिक वाचनालयासारखी शांत जागा शहरात आहे, दोन तास तिथे जा.

तो नंबर आजच पुसा. पत्र वाचायला घेतलंच आहे तर खाली ठेवायच्या आधी पुसा. २०१९-२० च्या टीईटीत पैसे देऊन गुण वाढवल्याचं प्रकरण २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी उघडं पाडलं. साडेसात हजारांवर उमेदवारांचे निकाल रद्द झाले आणि त्यांना पुढच्या टीईटीला बसायलाही कायमची बंदी झाली. नोकरीत असलेल्या कित्येकांचे पगार थांबले, काही घरं दोन-दोन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिली. मघाशी मी म्हटलं, नापास झालात तरी तुमची पेन्शन सुरक्षित आहे. पैसे देऊन पास झालात आणि पकडल्या गेलात तर गुन्हा दाखल होतो, विभागीय चौकशी लागते, आणि मग त्याच पेन्शनबद्दल मी हे वाक्य लिहू शकणार नाही. तीस वर्षांच्या स्वच्छ नोकरीवर शेवटी हा डाग कशाला?

मालेगावच्या बाईंबद्दल. आधी त्यांची शाळा कोणाची आहे ते बघावं लागेल. अल्पसंख्याक संस्थेने चालवलेली शाळा असेल तर सध्या त्यांना हा निकाल लागू नाही. २०१४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने अल्पसंख्याक संस्थांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळलं होतं. ते बरोबर होतं का, असा प्रश्न या दोन न्यायमूर्तींनाही पडला, पण दोघांना पाचांचा निकाल बदलता येत नाही, म्हणून त्यांनी तो मुद्दा मोठ्या पीठाकडे पाठवण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. तेव्हा ही सूट कायमची आहे असं कोणी धरू नये. आणि त्या बाई महानगरपालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत असतील तर त्यांना सूट नाहीच. उर्दू माध्यम असणं वेगळं आणि संस्था अल्पसंख्याक असणं वेगळं. मालेगावात दोन्ही प्रकारच्या शाळा आहेत आणि या गोंधळात महापालिकेच्या शाळेतले काही शिक्षक निर्धास्त बसलेले असू शकतात. त्या बाईंना एक फोन करा.

राहिली मुलगी. तिच्याकडे बी.एड. आहे, डी.एड. नाही, म्हणून पहिली ते पाचवीचा रस्ता तिला बंद आहे. २०१८ मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने बी.एड.वाल्यांना प्राथमिकला परवानगी दिली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ ला अमान्य केली. लहान मुलांना शिकवण्याचं शास्त्र डी.एड.मध्ये असतं, बी.एड.मध्ये नसतं, हे त्यामागचं कारण, आणि तुम्ही डी.एड. झालेल्या असल्याने ते तुम्हाला पटेल. सहावी ते आठवीसाठी ती पात्र ठरू शकते. त्यासाठी टीईटीचा पेपर दोन द्यायचा आणि अर्ज भरताना गणित-विज्ञान हा गट घ्यायचा. एकदा उत्तीर्ण झाली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, पूर्वीची सात वर्षांची मर्यादा २०२१ मध्ये गेली. नववी-दहावीला शिकवायचं तर सध्या टीईटी लागत नाही.

मात्र टीईटीने नोकरी मिळत नाही, ती फक्त पात्रता. भरती शासनाच्या ‘पवित्र’ या पोर्टलवरून होते आणि क्रम लागतो शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीच्या २०० पैकी गुणांवर. ही चाचणी दरवर्षी होत नाही. २०१७, मग एकदम २०२३, मग २०२५ अशी झाली आहे. पुढची जाहीर होईल तेव्हा हातात टीईटीचं प्रमाणपत्र तयार असलं पाहिजे, म्हणून तिनेही येत्या परीक्षेलाच बसावं. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून १६,००० रुपये मानधन असतं. आत्ताच्या शाळेत तिला किती मिळतं आणि नेमणुकीचं ठिकाण त्र्यंबकच्या पलीकडचं निघालं तर तिची तयारी आहे का, हे अर्ज भरण्याआधी तिच्याशी बोलून घ्या. खासगी शाळेत सहावी ते आठवीला शिकवत राहायचं ठरवलं तरी टीईटी किंवा सीटीईटी तिला कामी येईलच.

तुमच्या दोघींच्या पेपरांत बालमानसशास्त्राचे ३० प्रश्न असतात, फक्त तिचे थोड्या मोठ्या मुलांवरचे. इंग्रजीचे उतारे तिच्याकडून समजून घ्या. अर्ज भरताना फोटो, सही आणि नावाचं स्पेलिंग आधारकार्डाप्रमाणे आहे का हे तिच्याकडूनच तपासून घ्या. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव वेगवेगळ्या कागदांवर असेल तर राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणीचा दाखला आत्ताच काढून ठेवा. निकालानंतर प्रमाणपत्र हाती आलं की त्याची नोंद सेवापुस्तकात करून घ्या आणि नोंदीच्या पानाची झेरॉक्स, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या सहीसह, घरच्या फाइलला लावा.